जास्तीचे पाटे

संगमनेर,
७ जानेवारी १९७३

ती. बाबांस,
दयाचा सप्रेम सलाम.

जीपमध्ये जन्मलेलं आणि जीपमध्येच गेलेलं मूल गाडीच्या धक्क्यांनी गेलं, की ते जाणारच होतं? बाबा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. चार दिवस झाले, मी दुसरं काही मन लावून केलेलं नाही.

गुरुवारी टेकडवाडीहून मालनबाईला दवाखान्यात आणायला निघालो. कळा सुरू झाल्या होत्या, पण घाई नव्हती. आमच्या मदत मंडळाचा ड्रायव्हर मच्छिंद्र जपून चालवत होता. पण पुणे रस्त्याला लागेपर्यंतचा आठ मैलांचा रस्ता हा रस्ता नाहीच, नुसता खडक आणि चाकोऱ्या. मी मागे तिच्या उशाशी बसले होते. प्रत्येक खडकाला ती फळीवरून वीतभर उडायची आणि आपटायची. चंदनापुरी घाटाच्या अलीकडेच बाळंत झाली. मुलगा होता. एकदा रडला. घाट उतरून येईपर्यंत संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल मुळात नाजूक होतं, गाडीचा काही संबंध नाही." त्या गाडीत मागे कधी बसलेल्या नाहीत.

काल मी मालनबाईच्या घरी गेले. दाराशी मुक्ताबाई बसली होती. वस्तीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तू शिकलेली हाईस. खरं सांग, पोर देवानं नेलं का तुज्या गाडीनं?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

ती म्हणाली, "मग माजी चांगुणा तुज्या गाडीत बसायची न्हाई."

चांगुणा तिची सून. पहिलं मूल घरीच अडलं आणि तीन दिवसांनी मेलेलं निघालं. ही पुन्हा पोटुशी आहे, एप्रिलच्या सुरुवातीला दिवस भरतील. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की या खेपेला दवाखान्याशिवाय ती सुटणार नाही, कदाचित पोट उघडावं लागेल. बैलगाडीचा मार्गही उरलेला नाही, वस्तीतले सगळे बैल गुरांच्या छावणीत आहेत. म्हणजे आमच्या जीपशिवाय चांगुणाला दवाखाना नाही, आणि जीपमध्ये ती बसणार नाही.

गाडीचं असं आहे. दुष्काळामुळे दिवाळीपासून आम्ही अमेरिकेची मिलो ज्वारी आणि दुधाची भुकटी वाहतो. ओझ्यानं मागची बाजू बसायला लागली, म्हणून मंडळाच्या चिटणिसांनी, आप्पासाहेबांनी, मागच्या दोन्ही चाकांच्या स्प्रिंगांत दोन-दोन जास्तीचे पोलादी पाटे घालून घेतले. आता भरलेली गाडी छान चालते. रिकामी झाली की दगड होते. परत येताना आम्ही रोगी आणतो, तेव्हा ती नेमकी रिकामी असते. मच्छिंद्र कधी कधी वजनासाठी दोन पोती मुद्दाम मागे ठेवतो, पण मग बाईला पाय पसरायला जागा उरत नाही.

तुम्ही मिशनची गाडी जन्मभर चालवलीत. पाटे हवे तेव्हा कडक, हवे तेव्हा मऊ, असं काही करता येतं का?

तुमची,
दया


भिंगार,
१५ जानेवारी १९७३

चि. दया हिस,
बाबांचा आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती तव्यासमोर बसून राहिली, भाकर करपली तरी तिला कळलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण सगळ्या गावासमोर "मला माहीत नाही" असं म्हणायची काय गरज होती? शिकलेल्या माणसानं असं बोललं की लोकांचा धीर सुटतो.

पाट्याला बाई कळत नाही, पोतं कळत नाही, वजन तेवढं कळतं. सहा पोत्यांसाठी कडक केलेली गाडी एका बाळंतिणीला उडवणारच. त्याला इलाज ड्रायव्हरच्या पायात असतो. हळू चालवावी. मागच्या चाकांतली हवा थोडी कमी करावी. यापलीकडे हात लावू नये. गाडी ज्याची, पाटे त्याचे. मी साहेबाच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा माझ्या मनानं फिरवला नाही. त्यामुळे नोकरी टिकली, आणि नोकरी टिकली म्हणून आपल्या घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं. हे विसरू नकोस.

दुसरं. हा मच्छिंद्र कोण, कुठला? तुझ्या पत्रात तो सारखा येतो. हे आई विचारते आहे, मी नाही.

शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

तुझे,
बाबा


संगमनेर,
२८ जानेवारी १९७३

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

आईला सांगा की मच्छिंद्रला बायको आहे, दोन मुली आहेत, आणि तोंडात कायम तंबाखू आहे. तिनं निर्धास्त झोपावं. तुम्हीही.

चाकांतली हवा कमी केली. दोन दिवस बरं वाटलं, मग बाभळीच्या काट्यांनी मागची दोन्ही चाकं बसली. मच्छिंद्र म्हणाला, "वडलांना म्हनावं, या पठारावर, पंप घिऊन या."

आता मुक्ताबाईचं ऐका. गेल्या आठवड्यात तिनं भुसा भरलेली पाटी माझ्यापुढे ठेवली. आत नऊ अंडी. मला वाटलं, बाजारात विकायची असतील.

"इकायची न्हाईत. फिरवून आन."

"कुठे?"

"दवाखान्यापातुर. आन परत. मांडीवर घ्यायची न्हाईत. जिथं माजी सून बसंल तिथं फळीवर ठिवायची."

इकडे कोंबडीखाली बसवायची अंडी बायका गाडीतून नेत नाहीत. माहेराहून आणायची असली तरी डोक्यावर घेऊन कोस-दोन कोस चालतात. हिंदकळलेलं अंडं उबत नाही असं त्या म्हणतात. मुक्ताबाई म्हणाली, "तू म्हनलीस, तुला ठावं न्हाई. मलाबी न्हाई. मंग कोंबडीला इचारू."

मच्छिंद्र कपाळाला हात लावून म्हणाला, "आता कोंबड्यांचंबी बाळंतपण आपल्याकडंच का?" पण नेली. परत आणून दिली. तिनं घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवली. तीन आठवड्यांनी कळेल. एका कोंबडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. पण डॉक्टरीणबाईंनी न बसता उत्तर दिलं आणि मुक्ताबाईनं निदान बघायचं तरी ठरवलं.

आता दुसरी गोष्ट. संगमनेरात आसाराम मिस्त्री म्हणून आहे. जत्रेजत्रेतून तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका मालकाची गाडी तो बघतो. ती गाडी खुर्च्या आणि तंबू भरून निघाली की जड, नुसतं मशीन घेऊन गेली की हलकी, आणि मशीनला धक्का चालत नाही. आसारामनं तिच्या मूळ पाट्यांवर एक आखूड जाड पाटा घातला आहे आणि चासीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, त्यावर एक मोठा बोल्ट आणला आहे. ओझं असलं की बोल्ट आवळायचा, मग वरचा पाटा भार उचलतो. रिकामी झाली की सैल करायचा, मग फक्त खालचे मऊ पाटे काम करतात. मी ती गाडी दोन्ही तऱ्हांनी चालवायला लावून मागे बसून पाहिली. बाबा, हे होतं.

मी मंडळाच्या सभेत अर्ज मांडला. खर्च मी माझ्या पगारातून करीन असंही लिहिलं. आप्पासाहेब म्हणाले, "ही धान्याची गाडी आहे, वरातीची नाही. रोग्याची सोय ही आपण जास्तीची करतो."

मी म्हणाले, "आप्पासाहेब, आपण एकदा टेकडवाडीपासून मागे बसून या. मग नामंजूर करा."

 चहा आला, तो सगळे खाली बघून प्यायले. अर्जावर "मंजुरी नाही" असा शेरा मिळाला आहे.

मी आसारामला काम सांगितलं आहे.

तुमची,
दया


भिंगार,
६ फेब्रुवारी १९७३

चि. दया हिस,
आशीर्वाद.

ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांना भर सभेत मागे बसा म्हणतात का? आप्पासाहेब चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी पठारावर पाण्याच्या टाक्या नेल्या, तेव्हा तू कॉलेजात होतीस. माणसाला एक गोष्ट दिसत नाही म्हणून तो आंधळा ठरत नाही.

मिस्त्रीला ताबडतोब थांबव. नामंजूर म्हणजे नामंजूर. उद्या तुला पठारावरून काढून हापिसात पावत्या लिहायला बसवलं, तर त्या चांगुणाचं कोण बघणार? याचा विचार कर.

उपवासकाळ तोंडावर आहे. प्रार्थनेला जात जा.

तुझे,
बाबा


संगमनेर,
२० फेब्रुवारी १९७३

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

मला ऑफिसात बसवण्याची भाषा आप्पासाहेबांनी माझ्याजवळ केली ती सभेनंतर, एकांतात. मी ती तुम्हाला लिहिली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. मग भिंगारला ती कशी पोचली? तुम्हाला त्यांचं पत्र आलं असेल तर तसं सांगा. मी चोवीस वर्षांची आहे. माझ्याबद्दलची पत्रं मला सोडून फिरत असतील, तर शिकून मी काय मिळवलं?

काम झालं. रविवारी जीपला सुट्टी असते म्हणून ११ तारखेचा रविवार धरला. मी प्रार्थनेला गेले नाही, हेही तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. आसारामनं तीन वेळा "उद्या" म्हटलं, चौथ्या वेळी मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. तो म्हणाला, "बाई, तुमी हितं बसला तर गिऱ्हाईक यायचं न्हाई." मी म्हणाले, "म्हणूनच बसले आहे."

जास्तीचे चारही पाटे काढले. ते त्याच्याच दुकानात कोपऱ्यात पडून आहेत. नवा आखूड पाटा आणि बोल्ट दोन्ही बाजूंना बसवला. बोल्ट फिरवायला गाडीखाली आडवं व्हावं लागतं. टेकडवाडीला धान्य उतरवून झालं की मी पदर खोचते, पाना घेते आणि खाली शिरते. पहिल्या दिवशी बायका हसून हसून बेजार. गोजरबाई नावाची एक आहे, ती ओरडली, "आगं, बाई गाडीची धार काढतीया. बघा, किती शेर देती." मी खालून म्हणाले, "भांडं आणा." तेव्हापासून रोज कुणी ना कुणी चरवी घेऊन उभी असते.

पण मऊ झाली, बाबा. खडकावरून गाडी आता उतरते, आपटत नाही. मालनबाई अंगात ताकद नाही म्हणून दाखवायला यायची होती. ती फळीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. ओढा ओलांडल्यावर तिनं एक हात सोडला. पुढे दुसरा सोडला. 

पहिल्या नऊ अंड्यांतून एक पिल्लू निघालं. मुक्ताबाईनं बाकीची फोडून मला दाखवली. मी नाकाला पदर लावला, तिनं नाही. काल तिनं दुसरी पाटी दिली, पुन्हा नऊ, तीच कोंबडी. ती आम्ही नव्या पाट्यांवरून फिरवून आणली आहे.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "अंड्यांवरून माणसाचं ठरवतेस?" मी ठरवत नाही. मुक्ताबाई ठरवते आहे, आणि सून तिची आहे.

तुमची,
दया


भिंगार,
२ मार्च १९७३

चि. दया हिस,
आशीर्वाद.

होय, आप्पासाहेबांचं पत्र आलं होतं. "मुलीला समजावून सांगा" एवढंच होतं. मी "सांगतो" असं उत्तर दिलं. बाप दुसरं काय लिहिणार? तुला कळवलं नाही, कारण तू चिडशील आणि चिडून आणखी काही करशील असं वाटलं. न कळवताही तू ते केलंसच. यापुढे तुझ्याबद्दल पत्र आलं तर तुला वाचायला पाठवीन.

आता मी ड्रायव्हर म्हणून बोलतो. तुझ्या बोल्टात एक खोट आहे. आवळायचा, सैल करायचा, पुन्हा आवळायचा. ज्या गोष्टीला रोज आठवण लागते, ती माणूस एक दिवस विसरतो. जास्तीचा पाटा मुका असतो, पण त्याला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. भरलेल्या गाडीत बोल्ट सैल राहिला तर मागची बाजू एक्सलवर बसेल, आणि मोडेल तेव्हा मोठं मोडेल. जबाबदार कोण? मिस्त्री नाही, मच्छिंद्र नाही. तू.

रविवारचं मी आईला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या अंड्यांचं काय झालं? आई विचारते आहे.

तुझे,
बाबा


संगमनेर,
१६ मार्च १९७३

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

तुम्ही म्हणालात तसंच झालं.

मंगळवारी भुकटी आणि मुलांना वाटायचा सुकडीचा खाऊ भरून निघालो. मच्छिंद्र मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता, बदली ड्रायव्हर होता. सकाळी मीच खाली शिरून बोल्ट आवळले होते. टेकडवाडीच्या अलीकडच्या ओढ्यात उतरताना डावी बाजू खाली बसली आणि पाटा धरणारी कडी तुटली. गाडी तीन दिवस ओढ्यात. तीन वस्त्यांवरच्या मुलांना दूध मिळालं नाही. गोजरबाईनं आणि आणखी पाच जणींनी पोती डोक्यावर वाहून टेकडवाडीपुरती नेली, पण पुढच्या वस्त्या राहिल्याच. ती मुलं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मी आप्पासाहेबांना सांगितलं, मी आवळले होते, मला नक्की आठवतं. ते म्हणाले, "असं झाल्यावर सगळ्यांनाच नक्की आठवतं." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी लेखी आदेश दिला: ३१ मार्चच्या आत मूळचे जास्तीचे पाटे पुन्हा बसवावेत, नवी जोडणी काढून टाकावी, आणि १५ एप्रिलपासून मी ऑफिसात बसावं.

त्याच आठवड्यात दुसरी पिल्लं निघाली. नऊपैकी सात. मुक्ताबाईनं ती पाटीखाली झाकून ठेवली होती, मला एकेक उचलून दाखवलं. मग म्हणाली, "चांगुणा बसंल." मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की सात पिल्लं म्हणजे पुरावा नव्हे. पहिली अंडी थंडीत बसवली होती, ही उन्हात, तेवढ्यानंही फरक पडतो. ती म्हणाली, "तू लई शिकलीस. मी बसंल म्हनलं ना?" नंतर आदेशाचं कळलं तशी तिनं मला बांधावर गाठलं. "पयले पाटे घातले तर न्हाई बसायची. मी शबुद गाडीला दिलाय, तुला न्हाई."

म्हणजे ३१ मार्चला पाटे बदलले की चांगुणा घरीच. दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

मी चुकले असेन तर ती चूक कबूल करायला मी तयार आहे. पण त्या चुकीची शिक्षा चांगुणाला का?

तुमची,
दया


भिंगार,
२७ मार्च १९७३

चि. दया हिस,
आशीर्वाद.

तू बोल्ट आवळला होतास. तो आपोआप सैल झाला.

हे मला कसं कळलं ते लिहितो. गुरुवारी मी एस.टी.नं संगमनेरला येऊन गेलो. तुला भेटलो नाही. भेटलो असतो तर आपण भांडलो असतो, आणि संध्याकाळची गाडी चुकली असती. मिस्त्रीच्या दुकानात जीप दुरुस्तीला होती. त्याला म्हटलं, मी एक जुना ड्रायव्हर आहे, बघू दे. खाली शिरलो. कंबर धरली, पण शिरलो. सिनेमावाल्याची गाडी जत्रेपुरती रस्त्यावर येते, तिला नुसता बोल्ट चालला. तुझी रोज खडकात. खडखडाटानं बोल्ट उलटा फिरत जातो. त्यावर चेकनट पाहिजे होता, म्हणजे बोल्टाला जागच्या जागी दाबून धरणारा दुसरा नट. आसाराम म्हणाला, "बाबा, हे कुनी सांगितलंच न्हाई." मी दोन्ही बाजूंना समोर बसून लावून घेतले. आणखी एक सांगून आलो. बोल्ट सैल असेल तेव्हा स्टेअरिंगला लाल चिंधी बांधायची. चिंधी असताना ओझं भरायचं नाही. मग आठवणीचं काम डोक्याला नको.

मच्छिंद्र तिथं होता. तंबाखू खातो खरा, पण माणूस सरळ आहे. मी कोण ते त्याला सांगितलं नाही. त्यानं ओळखलं असावं, कारण निघताना म्हणाला, "पंप आनला का?"

काम चांगलं आहे, दया. हे मी लिहून देतो.

तरीही तू आदेश पाळ. आधी पाटे बसव. मग चेकनटाचं सगळं लिहून रीतसर अर्ज कर. आप्पासाहेब ऐकतील. मी स्वतः येऊन सांगेन. चांगुणासाठी आठ दिवस आधीच संगमनेरात एखादी खोली बघ. खालच्या माणसानं वरच्याला एकदा तोडलं की ते परत जोडत नाही. मी हे जन्मभर पाहिलं आहे. आपल्यासारख्यांना लोक आधी घराणं विचारतात, मग शिक्षण. तुझ्या हातून नोकरी जाऊ नये एवढंच मला हवं आहे.

तुझे,
बाबा


संगमनेर,
९ एप्रिल १९७३

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

चांगुणाला मुलगी झाली. पोट उघडावं लागलं. दोघी ठीक आहेत.

खोलीचं मी तुमचं पत्र येण्याआधीच विचारलं होतं. मुक्ताबाई म्हणाली, "घरात उपास पडला तरी चालंल, पर बाळंतीन आठ दिस परक्याच्या दारात ठिवायची न्हाई." त्यामुळे वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. बुधवारी दुपारी आम्ही टेकडवाडीला सुकडी उतरवत होतो. चांगुणाचा नवरा छगन बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या, कामावर होता. मुक्ताबाई स्वतः चालत आली आणि म्हणाली, "चल. कळा लागल्यात."

मी बोल्ट सैल केले. चिंधी बांधली. चरवी घेऊन कुणी उभं राहिलं नाही. मुक्ताबाई खाली वाकून बघत होती, किती फेरे फिरवते ते.

मागे आम्ही तिघी. मुक्ताबाई जन्मात पहिल्यांदा गाडीत बसली होती. पहिल्या खडकाला तिनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. मग मच्छिंद्रवर सुरू झाली. "आरं, बैलाला तरी बघून हाकत्यात. त्यो धोंडा दिसंना का तुला? डोळं काय हापिसात ठिवलं?"

मच्छिंद्र म्हणाला, "मावशी, तुमी हाका, मी मागं बसतो."

"मला शिकीव, दावते हाकून."

चांगुणा एका कळेतून सुटली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, जरा गप बसा. गाडी बरी चाललीया, तुमीच लई आदळताय."

मी हसले. मग मुक्ताबाईही हसली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला. ओढ्यापाशी मी श्वास धरून बसले. काही झालं नाही. चेकनट जागेवर होते. पुणे रस्त्याला लागलो तेव्हा चांगुणा फळीवर एका कुशीवर पडून होती आणि तिचा हात तिच्या सासूच्या मांडीवर होता.

रात्री डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेत आणलीत." गाडीचं मी त्यांना विचारलं नाही. मुक्ताबाईनं आत जाऊन पाहिलं आणि मला सांगितलं, "पोरगी हाय. पर वरडतीया लई." हे तिचं समाधान होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही संगमनेरला येऊन न भेटता गेलात, याचा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुम्ही कंबर धरून गाडीखाली शिरलात ते दिसलं. ईस्टरला घरी येते. भांडायचं असेल तर तेव्हा भांडू.

आता आदेशाचं. तुम्ही लिहिलंत, आधी पाटे बसव, मग अर्ज कर. बाबा, अर्ज मी जानेवारीत केला होता. रीतीनं केला होता. त्याच्या उत्तरात मला शेरा आला आणि तुम्हाला पत्र आलं. आप्पासाहेब वाईट नाहीत हे मला मान्य आहे. पण ते पुढे बसतात. पुढे बसणाऱ्यानं मागच्या फळीबद्दल एकट्यानं ठरवावं, हे मला मान्य नाही, आणि त्यासाठी नोकरी गेली तर जाऊ दे. नोकरी टिकावी म्हणून तुम्ही स्क्रू फिरवला नाहीत. त्याच्यावरच मी शिकले, हे मी विसरत नाही. पण शिकून मीही तेच करायचं असेल, तर ते तुम्ही माझ्यासाठी केलं होतंत असं मला म्हणता येणार नाही.

३१ मार्चला मंडळाचा माणूस पाटे घेऊन जायला आसारामच्या दुकानात आला. पाटे तिथं नव्हते. त्याच्या चार दिवस आधी मी ते जीपमध्ये घालून टेकडवाडीला नेले होते. तिथल्या रंगनाथ लोहाराला म्हणाले, हे तोडा. तो म्हणाला, "बाई, चांगलं पोलाद हाय, मोडू नका." मी म्हणाले, "चांगलं आहे म्हणूनच." दिवसभर मी त्याच्या भट्टीपाशी उभी राहिले. चार पाट्यांच्या कुदळी आणि खुरपी झाली. दुष्काळी कामावर कुदळ ज्याची त्याला आणावी लागते, आणि नव्हती म्हणून काही जणी परत पाठवल्या जात होत्या. मालनबाईनं पहिली कुदळ नेली.

३१ तारखेलाच मी मंडळाला लिहिलं: जास्तीचे पाटे मोडण्याचा निर्णय एकट्या माझा आहे, ड्रायव्हर आणि मिस्त्री यांचा त्यात हात नाही, लोखंडाची किंमत माझ्या पगारातून कापावी. नवे पाटे घ्यायचे असतील तर सभेत ठराव मांडावा लागेल. त्या सभेला मी कर्मचारी म्हणून असेन किंवा नसेन, पण टेकडवाडीच्या बायका जीपमध्ये मागे बसून येतील, हे मी त्यांना विचारून मगच लिहिलं आहे.

पत्र मी स्वतः ऑफिसात नेऊन दिलं, उत्तर अजून आलेलं नाही. पोच घेतली आहे.

तुमची,
दया